तुतारी टोचण्याआधी खूर पाहा

(तिरोडा, जि. गोंदिया येथील जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजची बैठक पाऊण तास उशिरा सुरू झाली. त्याबद्दल आधी माफी मागतो. तुम्ही थंडीत सतरंज्यांवर बसून राहिलात आणि आम्ही दोन किलोमीटरवर एका अंगणात जीपचे तोंड उघडून उभे होतो. ठरलेला विषय आम्ही घेणारच आहोत. पण त्याआधी या पाऊण तासाबद्दल बोलायचे आहे, कारण आज आमचा जो पाऊण तास गेला, तोच तुमच्या शेतात पेरणीच्या दिवशी जातो आणि तिथे तो पाऊण तासावर थांबत नाही.

आम्ही यवतमाळ-वर्ध्याकडची माणसे, पऱ्हाटी-ज्वारीच्या मुलखातली. आमची जीप तिशी ओलांडलेली, डिझेलवर चालणारी. काल रात्री इथे मुक्कामाला पोचलो तेव्हा ती ठणठणीत होती. पण गोंदियाची थंडी म्हणजे काय ते आमच्या गाडीला ठाऊक नव्हते. विदर्भातले सर्वांत कमी तापमान हिवाळ्यात बरेचदा याच जिल्ह्यात नोंदले जाते. सकाळी चावी फिरवली. सेल्फने ‘टक्’ केले, अर्धा फेरा घेतला आणि गप्प झाला. ज्या तिरोड्यात 3300 मेगावॅटचे वीजकेंद्र उभे आहे, त्याच तिरोड्यात आमची 12 व्होल्टची गाडी उठेना!

मग जे झाले ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलेले आहे. पाच माणसे जमली आणि पाच उपाय निघाले. एक म्हणाला, बॅटरी गेली, नवी टाका. दुसरा म्हणाला, सेल्फ जळाला. तिसऱ्याने बाह्या सरसावल्या, मारा धक्का. चौथा डिझेलचा बोळा पेटवून एअर फिल्टरपाशी धरायला निघाला. पाचवा म्हणाला, पंप खोलावा लागेल. पाचही जण मदतीला आलेले, पाचही जण भले. पण ‘नेमके काय होते आहे ते आधी पाहू’ असे कोणी म्हणाले नाही. आणि खरे सांगायचे तर पहिली पाच मिनिटे आम्हीही म्हणालो नाही. आम्ही नुसता सेल्फ दाबत होतो.

घरी बैल सकाळी उठला नाही तर आपण काय करतो? तुतारी टोचत बसतो का? नाही. आपण त्याचा खूर पाहतो, मान पाहतो, डोळा पाहतो, शेण पाहतो, काल काय खाल्ले ते आठवतो. पिढ्यान्‌पिढ्यांचे हे शहाणपण आहे. बैल गेला, ट्रॅक्टर आला आणि हे शहाणपण आपण दावणीलाच बांधून ठेवले. यंत्र अडले की आपण एक तर तुतारी टोचतो, म्हणजे सेल्फ दाबत राहतो, नाही तर पाकीट काढतो.

आता यात किती अडकलेले असते ते पाहा. कोरडवाहू शेतकऱ्याला शास्त्रज्ञ सांगतात की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कपाशी पेरू नका. बरोबर आहे. तेवढा पाऊस झाला, वापसा आला, की हाती तीन-चार दिवस असतात. त्या दिवसांत ट्रॅक्टर उभा राहिला तर पेरणी पुढच्या पावसावर जाते. उशिरा पेरलेल्या ज्वारीवर खोडमाशी तुटून पडते. उशिरा लावलेल्या पऱ्हाटीची बोंडे भरायच्या वेळी जमिनीतली ओल संपत आलेली असते. तिरोड्याच्या धानवाल्या भावांचेही तेच आहे. परे वाढून जातात आणि बांधीत चिखलणी व्हायची असते. आठ आण्यांचा दोष आठ क्विंटलांचे नुकसान करतो तो असा.

आमच्या माहितीतल्या एका शेतकऱ्याचा ट्रॅक्टर मृगातच रुसला. सुरू व्हायचा, दहा-पंधरा मिनिटे चालायचा आणि बंद पडायचा. मग थोडा वेळ काही केल्या सुरू होत नसे. डिझेल पंप खोलला, नोझल बदलले, तीन दिवस गेले, पैसे उसने आणावे लागले. शेवटी कोणी तरी टाकीचे झाकण सैल केले आणि ट्रॅक्टर चालू राहिला. झाकणाला हवा आत यायला बारीक भोक असते. ते मातीने बुजले होते. डिझेल बाहेर जाई, पण त्याच्या जागी हवा आत येत नसे, म्हणून प्रवाह थांबे. एक काडी लागली असती. आम्ही त्या मेकॅनिकला दोष देत नाही. त्याला ‘ट्रॅक्टर चालत नाही’ एवढेच सांगितले गेले होते. ‘पंधरा मिनिटे चालतो आणि मग बंद पडतो’ हे त्याला नीट कोणी सांगितलेच नाही.

आम्ही शेतकीची पदवी घेतली तेव्हा इंजिन फळ्यावर शिकलो. पण पिकाच्या रोगाबद्दल तिथे एक गोष्ट मनात ठसली. पऱ्हाटीची पाने लाल पडली म्हणजे एकच रोग नसतो. नत्र कमी पडले, मॅग्नेशियम कमी पडले, पाणी साचले, रात्री थंड झाल्या, तुडतुडे आले, तरी पान लालच होते. लक्षण एक आणि कारणे पाच. न पाहता फवारणी केली तर पाचात एकदा लागू पडेल आणि चारदा पैसे मातीत. ‘गाडी सुरू होत नाही’ हेही असेच लाल पान आहे.

म्हणून पहिला प्रश्न एकच. सेल्फ दाबला की काय होते? उत्तरे तीनच आहेत. एक, इंजिन फिरतच नाही. दोन, फिरते पण रडतखडत. तीन, झपाट्याने फिरते पण पेट घेत नाही. पहिल्या दोन उत्तरांत दोष विजेचा असण्याचा संभव मोठा. तिसऱ्यात दोष डिझेलचा, हवेचा किंवा दाबाचा. एवढे ठरले की अर्धे काम झाले. आता पंप खोलायचा की बॅटरी पाहायची, हा वाद उरत नाही.

आधी विजेकडे पाहू. आपण सगळे एक चूक करतो. दिवे लावून पाहतो आणि म्हणतो, दिवा तर चांगला जळतो, म्हणजे बॅटरी चांगली आहे आणि वायरही चांगली आहे. हे खरे नाही. थोडा हिशोब करू. जुन्या जीपचा किंवा ट्रॅक्टरचा सेल्फ फिरताना 200 अँपियर सहज ओढतो. 12 व्होल्ट गुणिले 200 म्हणजे 2400 वॅट, म्हणजे तीन अश्वशक्तीहून थोडे जास्त. तुमच्या विहिरीवरचा तीन अश्वशक्तीचा थ्री फेज पंप पाच-सात अँपियरवर चालतो, कारण तिथे दाब चारशे व्होल्टचा असतो. इथे दाब 12 व्होल्टचाच, म्हणून प्रवाह पाटासारखा मोठा लागतो. आता समजा एका जोडावर गंज चढला आणि त्याने ओहमचा शंभरावा भाग एवढाच अडथळा केला. दिव्याचे 10 अँपियर त्यातून जाताना व्होल्टचा दहावा भाग घटतो, डोळ्याला कळतही नाही. सेल्फचे 200 अँपियर जाताना मात्र पुरे 2 व्होल्ट तिथेच मरतात. नळाला धार बरी येते म्हणून त्याच नळीवर विहीर उपसता येईल का? तसेच हे आहे.

म्हणून दिवा लावा, पण नुसता पाहू नका. दिवा लावून सेल्फ दाबा. दिवा एकदम मंद झाला किंवा विझला, तर बॅटरी उतरली आहे किंवा बॅटरीच्या टोप्या सैल अथवा गंजलेल्या आहेत. दिवा तसाच तेजस्वी राहिला आणि सेल्फ गप्प, तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही. मग चावी, सोलेनॉइड, न्यूट्रलचा सेफ्टी स्विच, इंजिनाचे अर्थिंग किंवा खुद्द सेल्फ पाहायचा. बॅटरीवर नाहक खर्च करायचा नाही.

बॅटरीच्या टोप्यांवर पांढरी-हिरवी भुकटी चढलेली असेल तर आधी निगेटिव्हची वायर काढा, मग पॉझिटिव्हची. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून त्या धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नका. पॉलिश पेपरने घासून चकचकीत करा, घट्ट बसवा आणि वरून ग्रीस लावा. जोडताना पॉझिटिव्ह आधी, निगेटिव्ह शेवटी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून पेट घेणारा वायू निघतो, म्हणून बिडी लांब ठेवा.

काहीशे रुपयांत मल्टीमीटर मिळतो. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर तो 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर बॅटरी भरलेली आहे. 12.2 म्हणजे अर्ध्यावर आली. 12 च्या खाली म्हणजे उपाशी. सेल्फ फिरताना साडेनऊच्याही खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.4 दिसायला हवे. ते दिसत नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा पाहा. नवी बॅटरी टाकली तरी तीही आठ दिवसांत उपाशी पडेल.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांवर दाबू नका. मध्ये निदान अर्धा-एक मिनिट थांबा. आपण चिडून दाबतच राहतो, तेव्हा बॅटरी उतरते आणि सेल्फची कॉइल तापते. एक दोष होता, त्याचे तीन होतात.

आता तिसरे उत्तर. इंजिन झपाट्याने फिरते, पण पेट घेत नाही. डिझेल इंजिनाला ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलने 1897 साली जर्मनीत हे इंजिन चालवून दाखवले, तेव्हापासून तत्त्व तेच आहे. हवा इतकी दाबायची की ती दाबानेच तापते आणि तिच्यात सोडलेले डिझेल आपसूक पेटते. सायकलीत हवा भरताना पंपाचे बूड गरम होते, तेच हे. म्हणून डिझेल इंजिनाला तीन गोष्टी हव्यात. नितळ डिझेल, मोकळी हवा आणि भरपूर दाब. शिवाय फिरण्याचा वेगही हवा. हळू फिरले तर दाबलेल्या हवेची ऊब थंड लोखंड पिऊन टाकते आणि दाब रिंगांमधून निसटतो. म्हणून थंडीतला अशक्त सेल्फ हा दुहेरी शत्रू आहे.

इथे दुसरा प्रश्न विचारा. सेल्फ फिरताना सायलेन्सरमधून धूर येतो का?

धूर मुळीच येत नसेल तर डिझेल आत जातच नाही. आधी फुकटातल्या गोष्टी पाहा. टाकीत डिझेल आहे का? कॉक उघडा आहे का? बंद करायची स्टॉपची दांडी पूर्ण परत गेली आहे का? ही दांडी किंवा तिची वायर अडकून बसते आणि भलेभले फसतात. मग फिल्टरखालचा स्क्रू सैल करून तळाचे पाणी काढा. ड्रममधून डिझेल आणणाऱ्यांच्या फिल्टरमध्ये पाणी हमखास सापडते. त्यानंतर एअर काढा. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करा, हात पंप मारा, बुडबुडे थांबून सलग डिझेल आले की स्क्रू तसाच घट्ट करा. मग पंपावरचा स्क्रू, तसेच. तरीही उठत नसेल तर नोझलकडचे नट अर्धा आटा सैल करून सेल्फ मारा, डिझेल येऊ लागले की आवळा. तेव्हा बोट नळीपुढे धरू नका. त्या दाबाची धार कातडीत घुसते. वरून टोचल्यासारखी बारीक जखम दिसते आणि आतून हात सडतो. असे झाले तर घरगुती उपाय न करता त्याच तासाला दवाखाना गाठा.

गाडी संध्याकाळी बरी, सकाळी मात्र उठत नाही आणि एअर काढली की उठते, असे रोज होत असेल तर कुठे तरी जोड हवा ओढतो आहे. रात्रीतून डिझेल टाकीकडे परत उतरते. तांब्याचे वॉशर आणि तडकलेली नळी शोधा. सगळे जोड पुसून कोरडे करा, हात पंप मारा आणि कुठे ओल येते ते पाहा.

पांढरा धूर येत असेल, त्याला कच्च्या डिझेलचा वास असेल, तर डिझेल आत जाते आहे पण पेटत नाही. म्हणजे ऊब कमी आहे. बऱ्याच जुन्या जीपांना हीटर प्लग असतात, ते तपासा. काही इंजिनांत ते एकाच ओळीत जोडलेले असतात, एक गेला की सगळे जातात. ट्रॅक्टरला बहुधा असे प्लग नसतात, तिथे वेगाने फिरणारा सेल्फ हाच हीटर. एअर फिल्टर धुळीने बुजला असेल तर तो साफ करा. एवढे करूनही रोज पांढरा धूर येत असेल आणि तेल घालायच्या तोंडातून वाफ फुसफुसत असेल, तर रिंगा, व्हॉल्व्ह झिजले आहेत. इथे मात्र मेकॅनिकच हवा. तिथे बारा आण्यांत भागणार नाही, हेही आम्ही लपवत नाही.

पेट्रोलच्या जुन्या फटफटीचे गणित याहून सोपे आहे. प्लग काढून पाहा. ओला असेल तर पेट्रोल येते आहे, ठिणगी नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच पोचत नाही.

आता जे सांगतो ते घरी गेल्यावर बायकामुलांसमोर पुन्हा सांगा. गाडी सुरू न होणे हे नुकसान आहे. ती चुकीच्या रीतीने सुरू होणे हा मृत्यू आहे. जमिनीवर उभे राहून पान्याने किंवा स्क्रूड्रायव्हरने सेल्फचे दोन टोक जोडायची सवय गावोगाव आहे. असे केले की न्यूट्रलचा सेफ्टी स्विच बाजूला पडतो. ट्रॅक्टर गियरमध्ये असेल तर तो उडी घेतो आणि जोडणारा माणूस नेमका मागच्या मोठ्या चाकापुढे उभा असतो. त्याला सरकायला वेळ मिळत नाही. सुरू करायचे ते सीटवर बसून, गियर न्यूट्रलला, क्लच दाबून. दुसरा मार्ग नाही.

पेटता बोळा हवेच्या तोंडाशी धरू नका. डिझेल, तेल आणि कडबा यांच्यामध्ये आपण काडी ओढत असतो. डबीतला फवारा हीटर प्लगच्या इंजिनात मारू नका, आत स्फोट होऊन पिस्टन फुटतो. बंद गोठ्यात इंजिन चालू ठेवू नका, त्याचा धूर माणसाला झोपेतच नेतो. दुसऱ्या बॅटरीवरून वीज घेताना पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह आधी जोडा आणि निगेटिव्हचे शेवटचे टोक बॅटरीवर न लावता इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा, म्हणजे ठिणगी बॅटरीपासून लांब पडते.

आता आजच्या जीपची गोष्ट पुरी करतो. पाच मिनिटे तुतारी टोचून झाल्यावर आम्ही थांबलो. दिवा लावून सेल्फ दाबला. सेल्फ रडला, पण दिवा फारसा मंद झाला नाही. म्हणजे बॅटरी निर्दोष ठरली. सेल्फवर संशय येणार, तेवढ्यात यजमानांच्या मुलाने विचारले, ‘काका, वीज सेल्फमधून परत कुठून जाते?’ लाख मोलाचा प्रश्न! जीपमध्ये निगेटिव्हची वायर चासीला बांधलेली असते आणि चासीपासून इंजिनाला एक विणलेली पट्टी असते. इंजिन रबरावर बसलेले, त्यामुळे परतीचा रस्ता ती पट्टीच. आम्ही जाड वायरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनाच्या लोखंडाला धरायला लावले आणि सीटवर बसून सेल्फ दाबला. इंजिन गर्रकन फिरले. पट्टीचा बोल्ट गंजून सैल झाला होता. आमच्याकडच्या उबेत तो कसाबसा निभावत होता, इथल्या थंडीत उघडा पडला. तेरा नंबरचा पाना, पॉलिश पेपरचा तुकडा आणि दहा मिनिटे. खर्च शून्य. बॅटरी घेतली असती तर हजारो रुपये जाऊन गाडी तिथेच उभी राहिली असती.

भावांनो, आम्ही मेकॅनिकच्या विरुद्ध बोलत नाही. तोही घामाचेच खातो. पण त्याच्याकडे जाताना लक्षणे घेऊन जा. सेल्फ कसा फिरतो, धूर कोणता, सकाळी की दुपारी, काय बदलले ते सांगा. बदललेला जुना भाग मागून घ्या आणि हातात धरून पाहा. बाजारात मालाचे वजन आपण डोळ्यांसमोर करून घेतो ना? मग इथे का नको?

जाता जाता एक काम ठरवून जाऊ. प्रत्येक गावच्या शाखेने एक मल्टीमीटर, पान्यांचा एक संच आणि एक वही घ्यावी. वहीत प्रत्येक जुन्या ट्रॅक्टरची आणि इंजिनाची नोंद ठेवावी. बॅटरी कधी घेतली, फिल्टर कधी बदलला, कोणता दोष कशाने निघाला. रोहिणी निघाली की मृगाआधी एक सकाळ ठरवा आणि गावातली सगळी यंत्रे चौकात आणून सुरू करून पाहा. जे उठणार नाही ते त्या दिवशीच कळू द्या. वापसा आल्यावर कळून उपयोग नाही. आणि त्या सकाळी पोरांना, पोरींना जवळ बोलवा. आज आमची बैठक एका पोराच्या प्रश्नामुळे झाली आहे.

उशिराबद्दल पुन्हा एकदा माफी मागतो आणि आता ठरलेल्या विषयाकडे वळतो.